श्रीपेरंबुदूर, २१ मे १९९१ : ‘थांबा’ म्हणायचा अधिकार कुणाचा?

राजीव गांधींची हत्या झाली त्या रात्रीची छायाचित्रं आपल्याला मिळाली ती हरिबाबू नावाच्या छायाचित्रकारामुळे. तो कटवाल्यांनीच सोबत आणलेला होता. स्फोटात तो गेला, पण त्याचा कॅमेरा शाबूत सापडला. रीळ धुतल्यावर जे समोर आलं, त्यातलं एक चित्र मी कितीतरी वेळा पाहिलं असेल. एक लहान मुलगी उभी आहे, तिची आई उभी आहे आणि दोघींच्या मधे चष्मा घातलेली, सलवार-कमीजमधली एक तरुणी आहे. तिच्या हातात चंदनाचा हार आहे. थोडं बाजूला पांढरा कुर्ता-पायजमा घातलेला, हातात वही धरलेला एक माणूस आहे. बातमीदार वाटावा असाच. ती तरुणी म्हणजे मारेकरी धनू, आणि वहीवाला म्हणजे कटाचा म्होरक्या शिवरासन.

बंदोबस्ताचा विचार करणाऱ्याने हे चित्र नीट बघावं. कुणी लपलेलं नाही, कुणी भिंत चढून आलेलं नाही. मारेकरी दिव्यांच्या उजेडात, कॅमेऱ्यासमोर, रांगेत उभी आहे. राजीव गांधींच्या हत्येबद्दल कट कुणी रचला, पैसा कुठून आला, शस्त्रं कुठून आली यावर ढीगभर लिहून झालं आहे. इथे मला फक्त त्या रांगेपुरतं बोलायचं आहे. ती बाई तिथवर कशी आली, आणि तिला अडवण्याची जबाबदारी नेमकी कुणाची होती?

सुरुवात १९८४ पासून करावी लागते. ३१ ऑक्टोबरला इंदिरा गांधींना त्यांच्याच घराच्या आवारात, त्यांच्याच पहाऱ्यावरच्या दोन पोलिसांनी गोळ्या घातल्या. तोवर पंतप्रधानांचं संरक्षण अनेक यंत्रणांत वाटलेलं होतं. घरी एक, रस्त्यावर दुसरी, दौऱ्यावर तिसरी. हत्येनंतर हे सगळं एका छत्राखाली आणायचं ठरलं आणि एप्रिल १९८५ मध्ये विशेष संरक्षण गट, म्हणजे एसपीजी, उभा राहिला. तीन वर्षं तो सरकारी आदेशावरच चालला. १९८८ साली त्याचा कायदा झाला.

एसपीजी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर काळे चष्मे, सफारी सूट आणि बंदुका येतात. पण त्या कायद्यातलं मला सर्वांत वजनदार वाटणारं कलम आहे १४. केंद्राचं प्रत्येक खातं, प्रत्येक राज्य सरकार, प्रत्येक स्थानिक संस्था, प्रत्येक मुलकी आणि लष्करी अधिकारी यांनी एसपीजीच्या संचालकाला मदत करणं हे त्यांचं कर्तव्य आहे, असं ते कलम सांगतं. याचा जमिनीवर अर्थ काय होतो? दौऱ्याच्या आधी एसपीजीची माणसं गावात येतात. जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक, आयबीचे म्हणजे केंद्रीय गुप्तचर विभागाचे लोक, जिल्हाधिकारी कार्यालय, आयोजक या सगळ्यांना बसवून मैदान पाहतात. गाडी कुठे थांबणार, उतरल्यावर पावलं कुठून पडणार, बायका कुठे बसणार, हार घालणारे किती, त्यांची नावं काय, त्यांना ओळखणारा कोण, हार तपासणार कोण, जवळचं रुग्णालय कोणतं. आणि एखादी गोष्ट पटली नाही तर ‘हे होणार नाही’ असं सांगतात. ते ऐकलं जातं, कारण त्यांच्या पाठीशी कायदा असतो.

आपल्याकडे राजकीय पुढाऱ्याभोवती ‘होणार नाही’ म्हणणारा माणूस किती दुर्मीळ असतो, हे तालुक्याच्या गावी एक तरी जाहीर सभा जवळून पाहिलेल्याला कळेल. व्यासपीठाच्या पायरीशी उभ्या असलेल्या हवालदाराला तालुकाध्यक्ष म्हणतो, ‘अहो साहेब, आपलाच माणूस आहे, सोडा.’ हवालदार सोडतो. न सोडावं तर उद्या त्याच तालुकाध्यक्षाचा फोन त्याच्या साहेबाला जातो.

एसपीजीच्या कड्यातही चुका झाल्या, हे लपवायचं कारण नाही. २ ऑक्टोबर १९८६ रोजी राजघाटावर एक माणूस गावठी बंदूक घेऊन झुडपात दबा धरून बसला होता. पंतप्रधान येण्याच्या जागेची झाडाझडती झालेली असूनही तो तिथे राहिला आणि त्याने गोळ्या झाडल्या. राजीव गांधी नशिबाने वाचले. पुढच्या वर्षी ३० जुलैला कोलंबोत मानवंदना घेताना श्रीलंकेच्या नौदलातल्या एका सैनिकाने बंदुकीचा दस्ता उगारला. राजीव गांधी झटक्यात वाकले म्हणून घाव डोक्यावर बसायचा तो खांद्याच्या बाजूला बसला. भारत-श्रीलंका कराराला तेव्हा जेमतेम एक दिवस झाला होता.

त्या करारातूनच पुढचा धोका वाढला. भारताची शांतिसेना श्रीलंकेत गेली, तिथे स्वतंत्र तमिळ राज्यासाठी लढणाऱ्या एलटीटीई या सशस्त्र संघटनेशी लढली, तिचे १,१०० हून अधिक जवान कामी आले आणि मार्च १९९० मध्ये ती परत आली. एलटीटीईच्या लेखी या सगळ्याचा कर्ता एकच माणूस होता. तो पंतप्रधान असो वा नसो.

आणि तो आता पंतप्रधान नव्हता. डिसेंबर १९८९ मध्ये विश्वनाथ प्रताप सिंहांचं सरकार आलं. १९८८ च्या कायद्यात एसपीजीचं संरक्षण होतं ते पंतप्रधानांना आणि त्यांच्या जवळच्या कुटुंबाला. ‘माजी पंतप्रधान’ हा शब्द त्यात नव्हताच. १९९० च्या सुरुवातीला राजीव गांधींभोवतालचं एसपीजीचं कडं काढून घेण्यात आलं. कायद्याच्या अक्षराप्रमाणे पाहिलं तर यात चूक दाखवता येत नाही. खुर्ची गेली, संरक्षण गेलं. पण सुवर्णमंदिरातल्या कारवाईनंतरचा राग असो की श्रीलंकेतल्या जाफन्याचा राग, खुर्ची सोडताना राजीव गांधींनी तो फायलींबरोबर पुढच्या माणसाकडे सोपवला, असं काही झालं नव्हतं. कायदा करणाऱ्यांनी धोका पदाला चिकटलेला मानला. तो माणसाला चिकटलेला होता.

कायदा अपुरा असेल तर तो बदलता येतो. बदलायचा नसेल तर त्याच्या तोडीची दुसरी व्यवस्था करता येते. यातलं काहीच झालं नाही. संरक्षण काढलं असं कुणी म्हणू शकणार नाही, इतपत व्यवस्था कागदावर राहिली. दिल्ली पोलिसांचा वैयक्तिक सुरक्षा अधिकारी सोबत, आणि ज्या राज्यात जातील तिथल्या पोलिसांनी बंदोबस्त ठेवायचा. पोलीस हा राज्याचा विषय, म्हणून जबाबदारीही राज्याची. तमिळनाडूच्या बाबतीत मात्र ही पळवाटही नाही. तिथलं द्रमुकचं सरकार ३० जानेवारी १९९१ रोजी बरखास्त झालं होतं आणि राष्ट्रपती राजवट होती. म्हणजे चेन्नईतलं, तेव्हाच्या मद्रासमधलं, प्रशासन राज्यपालांमार्फत दिल्लीच चालवत होती.

धोक्याची कल्पना नव्हती असं म्हणायलाही जागा नाही. जून १९९० मध्ये खुद्द मद्रास शहरात एलटीटीईच्या माणसांनी ईपीआरएलएफ या दुसऱ्या श्रीलंकन तमिळ संघटनेचे नेते पद्मनाभ आणि त्यांच्या साथीदारांना भर वस्तीत मारलं होतं. मार्च १९९१ मध्ये कोलंबोत श्रीलंकेचे मंत्री रंजन विजेरत्ने बॉम्बस्फोटात गेले. ज्या संघटनेने हे केलं, तिची माणसं तमिळनाडूच्या किनाऱ्यावर कशी ये-जा करतात हे तिथल्या प्रत्येक पोलिसाला ठाऊक होतं.

त्या काळाची आणखी एक गोष्ट मला राहून राहून आठवते. मार्च १९९१ मध्ये चंद्रशेखर सरकार पडलं, ते राजीव गांधींच्या घराबाहेर हरियाणा पोलिसांचे दोन शिपाई पाळत ठेवताना आढळले यावरून. त्यांच्या घराबाहेर साध्या वेशातले दोन पोलीस दिसले म्हणून देशाचं सरकार गेलं. आणि दोन-अडीच महिन्यांनी, जिथे त्यांच्याजवळ जाणाऱ्यांवर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवायला हवी होती, तिथे ती ठेवायला पुरेसं बळ नव्हतं.

आता प्रत्यक्ष २१ मे.

मतदानाचा पहिला टप्पा आदल्या दिवशी पार पडला होता. राजीव गांधी ओडिशातल्या सभा करून विशाखापट्टणमला आले. विमानात बिघाड निघाल्याने मद्रासचा दौरा रद्द होता होता राहिला. बिघाड दुरुस्त झाला आणि ते रात्री उशिरा मद्रासला उतरले. तिथून श्रीपेरंबुदूर सुमारे ४० किलोमीटर. काँग्रेसच्या उमेदवार मरगतम चंद्रशेखर यांच्या प्रचाराची ती सभा. राजीव गांधी मोटारीत पुढच्या सीटवर बसले होते. मागे ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या बार्बरा क्रॉसेट आणि ‘गल्फ न्यूज’च्या नीना गोपाल, दोघी मुलाखत घेत होत्या. वाटेत लोक थांबवत होते, ते थांबत होते, हात मिळवत होते.

या मोकळेपणाला नुसतं बेफिकिरी म्हणून सोडून देणं मला बरोबर वाटत नाही. पंतप्रधान असताना सुरक्षारक्षकांच्या भिंतीमुळे आपण लोकांपासून तुटलो, असं त्यांना आणि त्यांच्या पक्षाला वाटत होतं. १९९१ च्या प्रचारात त्यांनी ही भिंत ठरवून बाजूला सारली. निवडणुकीतल्या पुढाऱ्याला लोकांत जायचं असतंच. ज्याला सांभाळायचं तोच कडं मोडणार, हे गृहीत धरून संरक्षणाची आखणी करावी लागते. आई धावणाऱ्या पोराला सांभाळते तेव्हा पोर एका जागी बसेल या भरवशावर राहत नाही.

सभा खूप उशिरा सुरू होणार होती. उशीर हा बंदोबस्ताचा मोठा शत्रू. संध्याकाळपासून उभे असलेले पोलीस थकतात, सुरुवातीला नीट लावलेली रांग विस्कटते, कोण आधीपासून होतं आणि कोण मागाहून घुसलं याचा हिशेब राहत नाही. कटवाल्यांनी तर याची तालीमही करून ठेवली होती. ७ मे रोजी मद्रासमध्ये नंदनम इथे विश्वनाथ प्रताप सिंहांची सभा झाली. तेही तेव्हा माजी पंतप्रधानच. त्या सभेत जाऊन या टोळीने हार घेऊन नेत्याच्या जवळ पोचता येतं का, याची चाचपणी केली. तिथे त्यांना काय कळलं असेल हे दोन आठवड्यांनी दिसलंच.

मैदानाजवळच्या इंदिरा गांधींच्या पुतळ्याला हार घालून राजीव गांधी सभास्थानी आले. व्यासपीठाकडे जाणाऱ्या वाटेवर दोन्ही बाजूंना स्वागताला माणसं उभी होती. बायकांच्या घोळक्यात कोकिळा नावाची ती लहान मुलगी होती, तिला कविता म्हणून दाखवायची होती. धनू तिच्याजवळ. बंदोबस्तावर असलेल्या एका महिला उपनिरीक्षकाला धनूचं पुढे सरकणं खटकलं. तिने हात आडवा घातला, तिला मागे सारलं. राजीव गांधींनी ते पाहिलं आणि सगळ्यांना भेटू द्या, काळजी करू नका, अशा अर्थाचं काहीतरी म्हणून त्या उपनिरीक्षकाला थांबवलं. ती बाजूला झाली.

या एका क्षणाशी मी दरवेळी थांबतो. तिने आपलं काम केलं होतं. तिचा हात आडवा आला, तो अगदी योग्य वेळी आणि योग्य माणसासमोर. त्या मैदानावर बिनचूक वागलेली ती एक व्यक्ती. पण देशाचा माजी पंतप्रधान, कदाचित पुढच्या महिन्यातला पंतप्रधान, हसून ‘येऊ द्या’ म्हणतो तेव्हा जिल्ह्यातल्या एका उपनिरीक्षकाने काय म्हणायचं? ‘नाही साहेब, येऊ देणार नाही’? हे वाक्य उच्चारायला लागणारं बळ तिच्या पट्टीवरच्या ताऱ्यांत नव्हतं. ते कलम १४ मध्ये होतं, आणि ते कलम त्या रात्री त्या मैदानावर नव्हतं.

सोबत होते दिल्ली पोलिसांचे उपनिरीक्षक प्रदीप गुप्ता. एकटा माणूस किती दिशांना बघणार? समोरचा माणूस बघायचा, त्याचे हात बघायचे, मागून रेटणाऱ्यांना थोपवायचं, आणि वर हार हातात घेऊन बाजूला द्यायचे. संरक्षणात हातांकडे बघायला शिकवतात, चेहऱ्याकडे नाही. पण धनूचे हात रिकामे नव्हते, त्यांत हार होता, आणि तो तर तिथे सगळ्यांच्याच हातात होता.

हार घालून ती पाया पडायला वाकली. त्याच वेळी कपड्यांखालच्या पट्ट्यातल्या बॉम्बची कळ दाबली गेली. आरडीएक्स आणि त्यात पोलादाच्या बारीक गोळ्या. वेळ रात्रीचे सुमारे १० वाजून २० मिनिटं. राजीव गांधी, प्रदीप गुप्ता, जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक मोहम्मद इक्बाल, ती कविता म्हणणारी मुलगी, तिची आई, आणि इतर कितीतरी. ती महिला उपनिरीक्षक जखमी होऊन वाचली.

तोवर आपल्याकडच्या संरक्षणाचा सगळा विचार बंदुकीभोवती फिरत असे. बंदूकवाल्याला नेम धरावा लागतो, त्याला अंतर लागतं, आणि बहुतेकदा पळून जायची वाटही लागते. म्हणून आपण गच्च्या तपासत होतो, खिडक्या बंद करत होतो, झुडपं झाडत होतो. जिला परत जायचंच नाही, जिला नेम धरायची गरज नाही, जिला फक्त हातभर अंतरावर यायचं आहे, अशी बाई त्या आखणीत बसत नव्हती. तिला रोखायला उपाय एकच होता, आणि तो अगदी साधा, खर्चाचा नसलेला. जवळ येणाऱ्यांची यादी आधी करायची, यादीतल्या प्रत्येकाला ओळखणारा जबाबदार माणूस शेजारी उभा करायचा, बायकांची झडती महिला पोलिसांनी घ्यायची, आणि हार गळ्यात घालू न देता हातात स्वीकारायचा. यादीत नसलेला माणूस, मग तो कुणाच्याही ओळखीचा असो, दोरीच्या पलीकडे.

यादी करणारे आयोजक होते, आणि आयोजकांना गर्दी हवी होती. पोलिसांनी आग्रह धरायचा, तर पुढारी स्वतःच दोरी ओलांडणारा. आयबीने ओरडून सांगायचं, तर ऐकणारा ठरलेला नाही. एकाच वेळी सगळे थोडेथोडे जबाबदार असले की कुणालाच पुरतं जबाबदार धरता येत नाही. बंदोबस्तातल्या दुर्घटना खोदत गेलात तर बहुतेकदा हाच खडक लागतो.

हत्येनंतर आठवडाभरात सुरक्षेतल्या त्रुटी शोधण्यासाठी न्यायमूर्ती जगदीश शरण वर्मा यांचा आयोग नेमला गेला आणि जून १९९२ मध्ये त्याचा अहवाल आला. कटाचा तपास वेगळा चालू होता, तो सीबीआयच्या विशेष पथकाकडे, डी. आर. कार्तिकेयन यांच्या नेतृत्वाखाली. वर्मा आयोगाने पाहिलं ते मी वर मांडलं त्याच रांगेकडे. एसपीजीचं संरक्षण काढून घेताना त्याला योग्य पर्याय दिला गेला नाही, हा दोष आयोगाने केंद्राच्या पदरात टाकला. आयबी आणि तमिळनाडू पोलीस यांच्या उणिवा दाखवल्या. आणि काँग्रेसच्या स्थानिक मंडळींच्या वागण्याने बंदोबस्त ढिला पडला, हेही स्पष्ट म्हटलं. हा शेवटचा भाग पक्षांना सोयीचा नसल्याने तो फारसा आठवला जात नाही. मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो आजच्या सभांनाही जसाच्या तसा लागू पडतो. जेसीबीला लटकवलेला भलामोठा हार, त्याखाली रेटारेटी करणारे कार्यकर्ते, गाडीच्या छतावर उभे राहिलेले नेते आणि खाली कुणाच्या तरी कोपराला धरून ‘मागे व्हा, मागे व्हा’ करणारा घामाने भिजलेला शिपाई. दर निवडणुकीत हे दृश्य आपल्या महाराष्ट्रात गावोगाव दिसतं. त्या शिपायाचं कुणी ऐकत नाही.

कायद्याचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. हत्येनंतर काही महिन्यांतच, १९९१ मध्येच, एसपीजी कायद्यात दुरुस्ती होऊन माजी पंतप्रधान आणि त्यांच्या कुटुंबाला ठरावीक वर्षांसाठी संरक्षण मिळालं. पुढे ती मुदत वाढली. २००३ च्या दुरुस्तीने ती उलट कमी केली, पद सोडल्यावर एक वर्ष, पण त्यापुढे धोका किती आहे ते पाहून. धोका अतिरेकी संघटनेकडून आहे का, तो गंभीर आणि सतत चालू असलेला आहे का, याचा ठरावीक काळाने आढावा घ्यायचा, असं त्यात लिहिलं होतं. श्रीपेरंबुदूरने जे शिकवलं त्याच्या सर्वांत जवळ जाणारी भाषा माझ्या मते ही होती, कारण तिच्यात मोजमाप धोक्याचं होतं.

२०१९ मध्ये कायदा पुन्हा बदलला. आता एसपीजी विद्यमान पंतप्रधान आणि त्यांच्यासोबत सरकारी निवासस्थानी राहणाऱ्या कुटुंबीयांसाठी आहे. माजी पंतप्रधानांना आणि त्यांना दिलेल्या घरी त्यांच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयांना पद सोडल्यापासून पाच वर्षं. इतरांच्या धोक्याचं मोजमाप गृहमंत्रालय करतं आणि झेड प्लस, झेड, वाय अशा श्रेण्या देऊन सीआरपीएफसारख्या दलांकडे ते काम सोपवतं. ही दलं कसलेली आहेत, त्यांच्या जवानांच्या निष्ठेबद्दल किंवा हिंमतीबद्दल शंका घ्यायला जागा नाही. मला एवढंच विचारायचं आहे, आणि हा प्रश्न दिल्लीच्या अधिकाऱ्यांइतकाच तालुक्याच्या पोलीस ठाण्यालाही आहे. सभेच्या आदल्या दिवशी आयोजक, पोलीस आणि सोबतचं सुरक्षा पथक एकत्र बसतात, तेव्हा हारवाल्यांच्या यादीवर शेवटची सही कुणाची असते? आणि दुसऱ्या दिवशी साहेबांनी स्वतः हात उंचावून ‘येऊ द्या त्यांना’ म्हटलं, तर ती सही करणारा माणूस त्या क्षणी रांगेजवळ उभा असतो का?